बाळंतपण आणि रक्ताची बाटली

आमच्या मंडळाच्या रक्तदात्यांची यादी माझ्याकडे असते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून "तुला एक्सेल येतं, तूच ठेव" असं म्हणत ती सात वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून वेळी-अवेळी फोन येतात. अपघाताचे येतात, डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्ससाठी येतात, पण सगळ्यांत जास्त येतात ते बायकांच्या वॉर्डातून. डिलिव्हरी, सिझर, गर्भपात, गर्भपिशवीचं ऑपरेशन. मेसेज साधारण ठरलेला असतो : "अर्जंट, डिलिव्हरी पेशंट, फ्रेश ब्लड पाहिजे, डोनर लगेच पाठवा."

या मेसेजमधले "अर्जंट", "फ्रेश" आणि "लगेच" हे तिन्ही शब्द सुरक्षित रक्ताशी फारसे जुळत नाहीत. बाळंतिणीसाठी सुरक्षित रक्त म्हणजे आधीच तपासून, लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवलेलं आणि तिच्याच नमुन्याशी जुळवून पाहिलेलं रक्त. ते ऐन वेळच्या धावपळीतून मिळत नाही. हे नीट कळलं ते ताईच्या बाळंतपणात, म्हणून तेच सांगतो.

ताईच्या वेळी काय झालं

ताई कोल्हापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात बेळगावला आली. डिलिव्हरी नॉर्मल झाली, पण नंतर रक्त जास्त गेलं. डॉक्टरांनी ते आटोक्यात आणलं. तरी हिमोग्लोबिन ६.४ वर आलं होतं, चक्कर येत होती. एक बाटली रक्त द्यायचं ठरलं.

भाऊजी शर्टाची बाही वर करूनच उभे होते. "माझा आणि तिचा ग्रुप एकच आहे, माझंच घ्या." डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही अवश्य द्या, पण ते दुसऱ्या कुणाला तरी जाईल. तुमच्या बायकोला नाही."

अर्ध्या तासाने ब्लड बँकेतून फोन आला. ताईच्या रक्ताचा नमुना त्यांनी परत केला होता. फॉर्मवर सासरचं नाव आणि नमुन्याच्या ट्यूबवर माहेरचं. झालं होतं असं, की सिस्टरांनी नाव विचारल्यावर उत्तर आईने दिलं, आणि आईच्या तोंडात लेकीचं माहेरचंच नाव. आम्ही म्हटलं, ट्यूबवरचं नाव दुरुस्त करून द्या. ते म्हणाले, "खाडाखोड चालणार नाही. पुन्हा नमुना घ्या, पेशंटला स्वतःचं नाव सांगायला लावा आणि तिच्या खाटेजवळच लेबल लिहा."

बाबा संतापले. "आडनावासाठी पेशंटला ताटकळत ठेवता?" तासभर उशीर झाला खरा. पण पुढे हा विषय वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की त्या दिवशी आम्हाला अडवणाऱ्या दोन्ही माणसांनी ताईला सांभाळलं होतं.

नवऱ्याचं रक्त का नको?

रक्त देण्याच्या शास्त्राची सुरुवातच मुळी बाळंतिणींपासून झाली. जेम्स ब्लंडेल हे लंडनचे प्रसूतितज्ज्ञ. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका डोळ्यांदेखत जाताना पाहून ते या कामाकडे वळले. १८१८ मध्ये त्यांनी एका माणसाचं रक्त दुसऱ्या माणसाला दिलं, आणि १८२९ मध्ये रक्त दिल्यावर वाचलेल्या एका बाळंतिणीची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये छापली. त्या काळी रक्तगट माहीत नव्हते. कुणाला रक्त मानवायचं, कुणी त्यानेच दगावायचं. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले, तेव्हा हे कोडं बरंचसं सुटलं.

पण पूर्ण नाही. १९३९ मध्ये फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेटसन या अमेरिकन डॉक्टरांनी एका बाईची केस प्रसिद्ध केली. तिचं मूल पोटातच गेलं होतं. तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचा गट ओ, म्हणजे हिशेबाने सगळं बरोबर. तरीही तिला जोरदार रिअ‍ॅक्शन आली. कारण असं, की बाळाच्या रक्तपेशींवर वडिलांकडून आलेली एक खूण होती, ती आईच्या पेशींवर नव्हती. गरोदरपणात आईच्या शरीराने त्या खुणेविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवल्या होत्या. नवऱ्याचं रक्त आत जाताच त्या तुटून पडल्या. हीच खूण पुढे आरएच म्हणून ओळखली गेली. आपल्या रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह ते हेच.

आज आरएच सगळीकडे तपासतात. पण रक्तपेशींवर अशा खुणा इतरही बऱ्याच असतात आणि गरोदरपणात बाईचं शरीर नेमकं नवऱ्याकडून बाळात आलेल्या खुणा ओळखायला शिकतं. उलट, बाळंतपणाआधी नवऱ्याचं रक्त दिलं तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत.

भाऊ, वडील, मुलगा यांच्या रक्तात वेगळा धोका असतो. जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या आत टिकून राहतात आणि क्वचित प्रसंगी पेशंटच्याच शरीरावर उलटतात. हे फार कमी वेळा घडतं, पण घडलं तर बहुतेकदा जीव जातो. त्यामुळे असं रक्त द्यायचंच झालं तर ते आधी विकिरण करून द्यावं लागतं.

निगेटिव्ह गटाच्या मुलींसाठी एक वाक्य जास्तीचं. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण आरएच निगेटिव्ह असतात. आई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर अँटि-डीचं इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी त्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. घरात गर्भपाताचा विषय दाबून टाकतात आणि त्याबरोबर हे इंजेक्शनही राहून जातं.

ग्रुप माहीत आहे, मग क्रॉसमॅच कशाला?

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर आपल्याच भागातलं आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही जणांचं रक्त जगावेगळं आढळलं. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसाकडे ए-बी नसतात, पण एच असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे एचसुद्धा नसतो. नेहमीच्या साध्या चाचणीत तो ओ दिसतो. पण त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं, कारण त्याच्या शरीरात एचविरुद्धच अँटिबॉडी असतात. भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस असा सापडतो.

मग हे पकडायचं कसं? पेशंटच्या पेशी तपासायच्या, शिवाय तिचा सीरम ओ गटाच्या पेशींबरोबर उलटा तपासून बघायचा. आणि शेवटी जी बाटली द्यायची तिच्यातलं थोडं रक्त पेशंटच्या नमुन्याबरोबर प्रत्यक्ष जुळवून पाहायचं. हाच क्रॉसमॅच. याला पाऊण ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात ब्लड बँकेच्या खिडकीशी हुज्जत घालणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तो तास वाया जात नसतो. रक्तस्राव थांबतच नसेल आणि थांबायला वेळच नसेल, तर डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ओ निगेटिव्ह मागवतात. तो निर्णय त्यांचा, आपल्या घाईचा नव्हे.

"फ्रेश" म्हणजे चांगलं?

भाजीच्या बाबतीत हो. रक्ताच्या बाबतीत नाही. कायद्याने प्रत्येक बाटलीच्या पाच तपासण्या कराव्या लागतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात काही दिवस या तपासण्यांना काहीच दिसत नाही. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. नॅट नावाच्या तपासणीने तो कमी होतो, पण शून्य होत नाही, आणि ही तपासणी सगळीकडे होतेच असं नाही.

म्हणून रक्त देणारा कोण आहे याला महत्त्व येतं. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारे असत. पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार सांगत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा देशभर बंद झाला. पण त्या जागी दुसरा दबाव आला : "जावई आहेस, रक्त द्यायलाच पाहिजे." चार नातेवाइकांसमोर फॉर्म भरताना तो जावई खासगी प्रश्नांची खरी उत्तरं देईल का? वर्षातून दोन-तीनदा स्वतःहून येणारा दाता सगळ्यांत भरवशाचा, कारण त्याला काही लपवायची गरज नसते आणि त्याचं रक्त दर वेळी तपासून झालेलं असतं. २ ते ६ अंश सेल्सिअसला नीट ठेवलेल्या लाल पेशी बाटलीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस वापरता येतात. फ्रीजमधलं म्हणजे शिळं नव्हे.

पाटीलबाई कोणत्या?

आता ताईच्या ट्यूबकडे येतो. चुकीचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा तपासणी चुकल्यामुळे नाही, तर माणूस चुकल्यामुळे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्त देताना झालेल्या अशा घटनांची देशपातळीवर नोंद ठेवतात, आणि त्यात मानवी चुकांचाच वाटा सर्वांत मोठा निघत आला आहे. एकीचा नमुना दुसरीच्या नावाने जातो किंवा एकीची बाटली दुसरीच्या खाटेशी येते. आपल्याकडेही डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमात अशा नोंदी गोळा होतात.

आमच्या क्षेत्रात दोन ग्राहकांची नावं सारखी असतील तर नावावर विसंबून कुणी व्यवहार करत नाही, प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. वॉर्डात मात्र अजून हाक नावानेच मारतात. बेळगावच्या प्रसूती वॉर्डात "पाटीलबाई" म्हणून हाक मारून पाहा, तीन खाटांवरून "ओ" येईल. त्यात आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं. आधार कार्डावर एक, सासरच्या डॉक्टरांच्या फाइलीवर दुसरं, माहेरच्या दवाखान्यात तिसरं. बाळंतपणाला माहेरी येण्याची आपली चांगली पद्धत इथे नेमकी अडचणीची ठरते. बाईचे कागद एका गावात आणि बाई दुसऱ्या गावात.

ब्लड बँकेने ती ट्यूब परत केली, कारण आत कुणाचं रक्त आहे हे खात्रीने सांगता येत नव्हतं. नाव दुरुस्त करून दिलं असतं तर शाई बदलली असती, शंका तशीच राहिली असती.

बेळगावने जगाला दिलेली एक पिशवी

रक्त द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी किती गेलं हे कळायला हवं. बाळंतपणात ते अनेकदा नजरेने ठरवतात, आणि नजर फसते. बेळगावात यावर मोलाचं काम झालं आहे. इथल्या जेएनएमसीच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून बाळंतिणीच्या खाली अंथरायचं प्लास्टिकचं कापड तयार केलं. त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मोजमापाच्या रेघा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातल्या अभ्यासात दिसलं, की नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत १,६२० बायकांवर झालेला मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. डिलिव्हरीनंतर लगेच नर्सने ही गोळी दिली तर जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला.

पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तंझानिया या देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन लाखांहून जास्त बायका. मोजपट्टीची पिशवी वापरायची आणि ठरावीक माप ओलांडलं की मसाज, औषधं, सलाइन हे सगळे उपाय एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन आणि त्याने होणारे मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. रक्ताची बाटली लागण्याआधीच बरंच काही करता येतं, हे यातून दिसतं.

बाटली लागूच नये म्हणून

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. दहा-अकराने डिलिव्हरीला गेलेली बाई जे रक्त जाणं सोसते, तेच आठवाली सोसू शकत नाही.

सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी लोहाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, असं ठरलेलं आहे. गोळी फुकट मिळते, पण घरात डबीतच राहते, कारण मळमळ होते, शौचाला काळं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, गरज असेल तर शिरेतून लोह देतात. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय लोहाच्या आड येते, लिंबू-आवळा मदत करतात. आणि हे गरोदर बाईपुरतंच नाही. महिनोन्महिने पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या आपल्या आया-मावश्या "चालायचंच" म्हणत आठ-नऊ हिमोग्लोबिनवर घर ओढतात आणि गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन बाटल्यांची धावाधाव होते. ऑपरेशन ठरलेलं असेल तर दोन महिने आधी हिमोग्लोबिन वाढवायला घेतलं, तर बऱ्याचदा बाटली टळते.

आपण घरच्यांनी काय पाहायचं

मी डॉक्टर नाही. पण खाटेजवळ बसणाऱ्या माणसाला एवढं नक्की करता येतं :

• सगळ्या कागदांवर एकच पूर्ण नाव. वेगळं असेल तर दाखल होतानाच सांगा. नमुना घेताना पेशंट शुद्धीवर असेल तर नाव तिनेच सांगावं, आपण मधे बोलू नये.

• आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारा : हिमोग्लोबिन किती, ग्रुप कोणता, अँटिबॉडीची तपासणी झाली का, गरज पडली तर रक्त कुठून येणार.

• पूर्वी रक्त चढवलेलं असेल, गर्भपात झालेला असेल, तर ते जरूर सांगा.

• बाटली लावण्याआधी दोन जणांनी नाव, नोंदणी नंबर, ग्रुप, बाटलीचा नंबर आणि मुदत ताडून पाहायची असते. ते होतंय ना, एवढं पाहा.

• बाटली काखेत किंवा गरम पाण्यात धरून कोमट करू नका, पेशी फुटतात. फ्रीजबाहेर आलेली बाटली अर्ध्या तासात लावायला हवी आणि चार तासांत संपायला हवी.

• पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलू नका. थंडी, ताप, कंबर किंवा छातीत दुखणं, खाज, धाप, यांतलं काहीही दिसलं की सिस्टरांना लगेच हाक मारा.

मंडळाची यादी आता आम्ही वेगळ्या तऱ्हेने वापरतो. रात्री फोन आला की पहिला प्रश्न, "ब्लड बँकेत विचारलं का?" ई-रक्तकोश पोर्टलवर जवळच्या बँकांमधला साठा दिसतो. दात्यांना आम्ही तीन-तीन महिन्यांच्या अंतराने, गरज नसताना, आळीपाळीने पाठवतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा देता येतं, बायकांना १२० दिवसांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत साठा कमी होतो, तेव्हाचे दोन आठवडे आम्ही ठरवून भरतो. तुमच्या गावच्या मंडळाला हे करायचं असेल तर माझी एक्सेल शीट तयारच आहे, मागून घ्या.

आणि तुमच्या घरात सध्या कुणी गरोदर असेल, तर आज जेवण झाल्यावर तिची फाइल काढा. नाव सगळीकडे एकच आहे का ते बघा आणि हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.